चोरवाटेचा मोहरीर

सीना नदीच्या अल्याड निजामाचं राज्य आणि पल्याड इंग्रजाचं. अल्याडला मोगलाई म्हणायचं आणि पल्याडला खालसा. नदी म्हणजे तरी केवढी, माघ-फाल्गुनात गुडघाभर पाणी. बकरी कान भिजू न देता पार व्हायची. पण तेवढ्या पाण्यात दोन्ही सरकारांचे हातपाय गळायचे. मोगलाईतला बैल चोरून पल्याड गेला की अल्याडच्या शिपायाला पुढं पाऊल टाकायची परवानगी नाही, आणि खालशातला बैल अल्याड आला की इंग्रजाचा शिपाई काठावर उभा राहून नुसत्या मिशा चावायचा. चोरांना मात्र परवानगी लागत नव्हती. त्यांच्या लेखी नदी म्हणजे गुरांना पाणी पाजायची जागा.

ह्या अल्याडच्या काठावर एका चौकीत शहादेव नावाचा मोहरीर होता. मोहरीर म्हणजे चौकीचा कारकून. कोणी फिर्याद घेऊन आला की ती उर्दूत उतरवून घ्यायची, चौकीचे मुख्य अंमलदार अमीनसाहेब यांच्या पुढं ठेवायची आणि तिची मिसल, म्हणजे कागदांची जुडी, फडक्यात बांधून फळीवर टाकायची, एवढंच त्याचं काम. पण माणूस विचित्र. बैलचोरीची फिर्याद आली की सरकारी कागद झाल्यावर हा आपल्या घरच्या बाडात तीच हकिगत मोडीत पुन्हा लिहायचा. बैल कुठून गेला, कोणत्या वारी गेला, पुढं कोणत्या बाजारात कोणाला दिसला, शिंगं कशी तासली होती, डाग कसा बदलला होता. अकरा वर्षं हाच उद्योग. लिहून लिहून बाड एवढं जाड झालं की त्याची बायको सत्यभामा त्यावर बसून शेंगा फोडायची.

गाव त्याला चोरांचा पुराणिक म्हणायचं. म्हणू दे की! अख्ख्या मोगलाईत चोरांचा असा अभ्यास केलेला दुसरा माणूस नव्हता, हे मी सांगतो. लोक समजायचे, चोर म्हणजे काळं कांबळं पांघरून अंधारात येणारा कोणी राकट गडी. शहादेवानं शोधून काढलं की अंधाराशी त्यांचा काही संबंध नाही. चोरलेली जनावरं भर दिवसा जातात, बाजाराच्या गर्दीत, रस्त्यानं. पुढं दोरी धरलेला बाप्या, मागं भाकरीचं गाठोडं घेतलेली बाई. बघणाऱ्याला वाटावं, नवरा-बायको बैल विकायला निघाले. एक जण सोडून नेतो, दुसरा वाटेनं पोचवतो, तिसरा डाग बदलतो, चौथा खरेदीची पावती लिहून देतो, आणि ह्यातल्या एकालाही दुसऱ्याचं खरं नाव ठाऊक नसतं. इकडचे बैल तिकडं, तिकडचे इकडं. सरकारं दोन होती, पण ह्या लोकांचं राज्य एकच होतं.

हे सगळं तो अमीनसाहेबांना सांगायला गेला तर साहेब पान लावता लावता म्हणायचे, "मोहरीरसाब, बैल नदी पार गया सो अपना नहीं रहा. मिसल बंद करो." साहेबांना मोडी वाचता येत नव्हती, आणि वाचायची हौसही नव्हती.

त्याचा अभ्यास ऐकून घेणारा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे पल्याडच्या चौकीतला हवालदार धुळाजी. दर सोमवारी दुपारी दोघं नदीच्या पात्रात दोन खडकांवर बसायचे. हद्द मधून जाते असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. तंबाखूची चंची इकडून तिकडं जायची, तिला परवान्याची गरज नव्हती. धुळाजी आपल्याकडच्या चोऱ्या सांगायचा, शहादेव आपल्याकडच्या. एकाच्या हातात गाडीचं एक चाक, दुसऱ्याच्या हातात दुसरं, आणि मधला आस कोणाकडंच नाही, असा दोघांचा संसार चालला होता.

तर त्या साली फाल्गुनाच्या सुरुवातीला शहादेवाची बहीण भिवराबाई चौकीवर येऊन थडकली. तिचं गाव लिंबागणेशच्या बाजूला, दीड दिवसाची वाट. पायाला फोड आलेले, पदर कमरेला खोचलेला. ही बाई नवरा गेल्यापासून विहिरीवर स्वतः मोट हाणायची. बाईमाणसानं मोट हाणावी म्हणून गावानं आधी तोंडात बोटं घातली आणि मग तिच्या मळ्यातले कांदे बघून ती बोटं मुकाट्यानं बाहेर काढली.

"दादा, हौश्या गेला," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली.

हौश्या म्हणजे तिच्या मोटेच्या जोडीतला उजवा बैल. शनिवारी भर दुपारी ती घरात भाकरी खायला गेली तेवढ्यात कोणीतरी बांधावरून सोडून नेला.

"दुसरा बैल जुपून बघितला न्हाईस?" शहादेवानं विचारलं.

"बघितला की. शेजाऱ्याचा आणला. भरली मोट वढतोय झकास, पर मोट रिकामी झाली की मागं सरना. ढकलून ढकलून माजे हात निखळले." तिनं डोळे पुसले. "कांदा पोसायला लागलाय. पंधरा-वीस दिवसांत पानी न्हाई दिलं तर वाफ्यातच वाळून जाईल. वरीसभराचं खानं हाय ते. आन कांदा गेला तर गेला रे, पर हौश्याला मी बोटानं गूळ चाटवून वाढवलाय. त्यो कुनाच्या दावणीला आसंल?"

शहादेवाला बहिणीचं रडणं बघवेना. लहानपणी ती पडली की रडायचा हा, असा त्यांचा हिशेब. तो अमीनसाहेबांकडं गेला, साहेबांनी नदीचं तेच सांगितलं. मग तो घरी आला, सत्यभामेला बाडावरून उठवलं आणि पानं उलटायला बसला. लिंबागणेशकडून शनिवारी गेलेला बैल. डाग बदलायला चार दिवस, खपली धरायला चार दिवस. सगळी पानं एकाच जागी बोट दाखवत होती. पुढच्या गुरुवारी पल्याडचा सोनखांबचा बाजार.

"भिवरे, गुरवारी हौश्या सोनखांबला उभा आसंल," तो म्हणाला.

"तुज्या त्या पोथीत लिवलंय?"

"लिवलंय."

"मग मी बी येनार. तुला बैलातलं काय कळतंय?"

हे तिनं बरं केलं. कारण गुरुवारी सोनखांबच्या बाजारात, चौकीचा पट्टा घरी ठेवून साध्या धोतर-रुमालात उभा असलेला शहादेव, अकरा वर्षांचा जाणता, शंभर-सव्वाशे बैल बघून पार गोंधळून गेला. कागदावर त्याला प्रत्येक बैल ओळखू यायचा. समोर उभा राहिला की सगळ्यांना चार पाय आणि दोन शिंगं. तो आपला एकेकाच्या मागं जाऊन डाग बघायचा, लाथ हुकवायचा आणि पुढं सरकायचा.

भिवराबाई एका काळपट बैलापाशी थांबली. कपाळावर चांद नाही, आणि हौश्याच्या कपाळावर तर रुपयाएवढा पांढरा चांद. शिंगं आखूड, तासून गुळगुळीत केलेली. मांडीवर चाकाचा डाग, आणि हौश्याचा होता त्रिशूळ. शेपटीचा गोंडा कापलेला. तिनं बैलाच्या कपाळावर हात फिरवला तर बिब्ब्याचं काळं तिच्या बोटांना लागलं. बैलानं तिच्या तळहाताला नाक लावलं आणि जीभ बाहेर काढली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "ह्योच."

दोरी धरणारा दलाल मोठा गोड माणूस होता. अशा लोकांना देव तोंडात साखर घालूनच पाठवतो. त्यानं हसत हसत पावती काढली. पावतीवर बैलाचं वर्णन अगदी तंतोतंत: काळपट, चांद नाही, चाकाचा डाग.

"बाई, बैल सारखे दिसत्यात. तुमचा चुकलेला दिसतोय, मिळंल कुठं तरी."

"का खोटं बोलतोस रं?" शहादेव ओरडला. "हा डाग आठ दिवसांचा हाय! खपली बघ!" आणि त्यानं पिशवीतून बाड काढून पानंच्या पानं वाचायला सुरुवात केली. भोवती माणसं जमली. कोणाला वाटलं कथा चाललीय, कोणाला वाटलं भोंदू वैद्य आहे. दलाल म्हणाला, हे मोगलाईतले कागद, इथं ह्यांचा बंबात घालण्यापलीकडं उपयोग नाही, आणि माणसं खो खो हसली. शहादेवाचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात गर्दी सारत धुळाजी हवालदार आला. बाजाराच्या बंदोबस्ताला त्यालाच नेमलं होतं. पट्टा, काठी, सगळा डौल अंगावर होता, म्हणून त्यानं शहादेवाला ओळख दाखवली नाही. पावती बघितली, बैल बघितला, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "बाई, कागद त्याच्या बाजूनं आहे. तुमचा आहे म्हणता, तर पुरावा काय?"

"पुरावा म्हंजी?"

"म्हणजे बैल तुमचा आहे हे मला पटलं पाहिजे."

भिवराबाईनं इकडं तिकडं बघितलं. मग दलालाला म्हणाली, "दोरी सोड जरा. पळत न्हाई त्यो." आणि बैलाच्या पुढ्यात दहा पावलांवर जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि भर बाजारात, सव्वाशे बैल आणि पाचशे माणसांच्या मधे, तिनं मोटेवरचं गाणं लावलं.

"मागं रं मागं, माज्या हौशा राजा,
भुकंला वाफा, तान्हेला कांदा माजा..."

ज्यानं मोट बघितली त्याला सांगायला नको. भरली मोट ओढत बैल उतारावर पुढं जातात आणि मोट रिती झाली की तोंड न वळवता उलट्या पावलांनी पुन्हा विहिरीपाशी येतात. हे कोणत्याही बैलाला आपसूक येत नाही. हाणणारा आपल्या गाण्यावर शिकवतो, आणि बैल त्या गळ्याला बांधला जातो. दुसऱ्यानं किती गळा काढला तरी तो हलायचा नाही.

पहिल्या ओळीला बैलानं कान टवकारले. दुसऱ्या ओळीला त्यानं मागचा डावा पाय उचलून मागं टाकला. मग उजवा. आणि मग तो जो निघाला, शांतपणे, एका रेषेत, उलटा! माणसं बाजूला झाली. गूळवाल्याचा तराजू पडला. बैल मागं मागं जात एका कुंभाराच्या दुकानात शिरला आणि दोन माठ आणि एक रांजण फोडून, विहिरीच्या तोंडाशी पोचल्यासारखा समाधानानं उभा राहिला. कुंभार बोंबलायला लागला, पण त्याचं ऐकतो कोण? सगळा बाजार टाळ्या पिटत होता. भिवराबाई गाणं तोडून बैलाच्या गळ्यात पडली होती आणि धाय मोकलून रडत होती. शहादेवही रडत होता. दलाल मात्र कुठं दिसेना.

धुळाजीनं कुंभाराची समजूत घातली आणि शहादेवाला बाभळीच्या आडोशाला घेतलं.

"शहादेवा, बैल बाईचा आहे हे आंधळ्याला कळंल. पण कायद्यानं मला तो कोंडवाड्यात घालावा लागतो. मग मी वर लिहिणार, वरचा तुमच्या वरच्याला लिहिणार, तुमचा वरचा हैदराबादेला लिहिणार. दिवाळीपर्यंत निकाल लागंल."

"दिवाळी? तिचा कांदा आठ दिवसांत मरतोय!"

"म्हणून म्हणतो, मी आता तोंड तिकडं करून तंबाखू खातो. माझी तंबाखू बराच वेळ चालती. रस्त्याच्या उतारानं जाऊ नको, तिथं इंग्रजाचा नाका आहे आणि पल्याड तुमचा करोडगिरीचा, जकातीचा. पावती मागतील." धुळाजीनं चंची उघडली. "दुसरी वाट तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

शहादेवाला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चोरवाट! बाडात त्यानं तिचा नकाशासुद्धा काढला होता. कोणत्या ओढ्यातून उतरायचं, कोणत्या खिंडीतून माळावर चढायचं. सरकारी माणूस तो, जन्मात कधी फुकटची सुपारी न खाल्लेला. पण बहिणीकडं बघितलं आणि निघाला. पुढं दोरी धरून हा, मागं भाकरीचं गाठोडं घेऊन ती.

निघताना भिवराबाईनं हौश्याच्या डाव्या शिंगाला हात लावला. शिंगाच्या बुडाशी अंबाडीच्या सुतळीचे दोन वेढे होते.

"हे काय रे?"

"दृष्टीचं आसंल कुनी बांधलेलं. ऱ्हाऊ दे," शहादेव म्हणाला. बैलाच्या शिंगाला काहीतरी बांधलेलं नाही असा बैल आपल्याकडं आहे का? काळा दोरा, बिब्बा, कवडी, काहीतरी असतंच. म्हणून अकरा वर्षांत त्यानं शिंगांची लांबी लिहिली, डाग लिहिले, गोंडे लिहिले, पण ही सुतळी कधी लिहिली नाही.

नदी बिनबोभाट पार झाली. संध्याकाळी एका ओढ्याकाठी चार खोपटांची वस्ती लागली. पंडित नावाचा एक म्हातारा बाहेर आला, त्यानं बैलाकडं बघितलं, आणि काही न विचारता कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या. म्हातारीनं पिठलं रांधलं. झोपायला वाकळ दिली. कोण, कुठले, एक अक्षर नाही.

सकाळी निघताना शहादेवाला भरून आलं. "भिवरे, मुलूख अजून चांगला हाय बघ."

"आन तू पोथीत समदे चोर लिवून ठिवलेत," ती म्हणाली. "जरा अशी मानसं बी लिवत जा."

पंडितनं मागून हाक मारून सांगितलं, "वर माळावर छबुबाईची वस्ती हाय. दुपारचं तितंच टेका. तिला म्हनावं, मी धाडलंय."

माळाची चढण जीवघेणी. हौश्या आपला शहाण्यासारखा चालत होता, आणि भिवराबाई त्याच्याशी सारखी बोलत होती. कोणत्या वाफ्याला किती तहान लागली असेल, जोडीतला मान्या कसा खात नाही, सगळं. शहादेव ऐकत होता आणि मनातल्या मनात हसत होता. अकरा वर्षांत त्याच्या अभ्यासानं एक बैल घरी चालला होता. एकच, पण चालला होता.

आता तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून आत्ताच सांगतो: हौश्या घरी पोचला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणि मान्या मोटेला जुंपले गेले आणि कांदा वाचला. त्या सालचे कांदे नांदूरघाटच्या पाहुण्यांपर्यंत गेले. पण गोष्ट ती नाही. गोष्ट छबुबाईच्या अंगणातली आहे.

छबुबाई पन्नाशीची, काटक, एकटी. नवरा पटकीत गेलेला. दोन खोल्यांचं घर, पुढं दगडी हौद, पाणी ती खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणून भरायची. तिनं आधी बैलाच्या शिंगाकडं बघितलं, मग माणसांकडं. बैलाला हौदावर लावलं, बाजेवर घोंगडी टाकली आणि शहादेवाच्या पुढं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"नवीन दिसता," ती म्हणाली. "आन हे उलटंच चाललंय की. हिकडचा माल तिकडं जातोय, तुमी तिकडून हिकडं कसं?"

शहादेवानं तांब्याला घातलेला हात मागं घेतला.

छबुबाई आपल्या तंद्रीत बोलत होती. बाई दिवसेंदिवस एकटी राहणारी, माणूस दिसलं की सुटायची. "मला काय करायचंय म्हना. सुतळीचे दोन वेढे दिसले की पानी-वैरन करायची, बैलामागं पायलीभर जवारी मिळती. म्या कुनाचं नाव इचारत न्हाई. पुढचा मुक्काम उद्या सकाळी, खाली उतरल्यावर लिंबागणेशच्या वाटंला एक मळा हाय, भिवराबाई म्हनून बाई हाय, तिच्या हिरीवर. तिला मातर ह्यातलं काय बी बोलू नका हां! तिला ठाव न्हाई. ती बिचारी वाटसरू म्हनून पाजती. लई भली बाई. आमचा मानूस सांगत व्हता, जनावराला पानी तर पाजलंच, वर ह्याला कांदा-भाकर दिली. असं मानूस ऱ्हायलं न्हाई आता."

शहादेवाच्या सगळ्या बाडात लिंबागणेश ते माळ ह्या मधल्या टप्प्यावर कोण आहे, ते त्याला कधी सापडलं नव्हतं. त्यानं बहिणीकडं बघितलं. भिवराबाई बाजेवर ताठ बसली होती.

"त्यो मानूस," ती म्हणाली, "डाव्या कानाची पाळी तुटलेला?"

"व्हय! वळखतीस?"

"म्हैन्याखाली आलता. हौश्याला बघून म्हनला, मावशे, काय गुनाचा बैल हाय. म्या त्याला दोन येळा मोट हाकून दावली." तिनं हौश्याकडं बघितलं. "कसा मागं येतोय बग म्हनलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेला. म्हंजी माजा बैल म्याच दावला त्याला. आन त्याच्या आदी चार वर्सं, मी पाजलं ती समदी जनावरं... ती कुना कुनाच्या दावनीची व्हती?"

छबुबाईच्या हातातली वैरण खाली पडली. "तू... तुमी..."

"मी भिवरा. ह्यो माजाच बैल. ह्यो माजा भाऊ, चौकीतला मोहरीर."

चौकी म्हटल्यावर खरं तर छबुबाईनं घाबरायला पाहिजे होतं. ती घाबरली नाही, ती संतापली. तिनं त्या तुटक्या कानाच्या माणसाच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

"त्याच्या मढ्यावर घालते त्याची पायली!" ती म्हणाली. "आमी वंगाळ हाव, म्या न्हाई म्हनत न्हाई. पर नेम हाय आमचा. ज्याच्या घरचं पानी प्यालं, त्याच्या घरचं काय बी न्यायचं न्हाई. सुतळीच्या वाटंवर समदे पाळत्यात. आन ह्यानं कांदा-भाकर खाऊन बैल न्यावा? माय गं, मी तुज्या तोंडाकडं कशी बगू?" आणि ती हौदाच्या कडेला मटकन बसली, पदर तोंडात कोंबून.

हौश्या हौदात तोंड घालून पाणी ओढत होता.

शहादेवाचा हात पिशवीत गेला. सवयीनंच गेला हो, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. अकरा वर्षं ज्याच्यासाठी डोळे फोडले ते सगळं आज एका बाईनं बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं. सुतळीची खूण, पंडितची वस्ती, हा माळ, आणि पुढचा मळा. चार ओळी लिहिल्या की अभ्यास पुरा. वाट अख्खी. त्यानं बाड काढलं, दौतीचं बूच काढलं, आणि दोन बायका त्याच्याकडं बघायला लागल्या.

छबुबाई हुंदका गिळून म्हणाली, "लिवा. खरं हाय ते खरं. मी न्हाई न्हाई म्हननार."

भिवराबाई उठून तिच्याशेजारी हौदाच्या कडेला जाऊन बसली. "दादा, लिवायचं तर आदी माजं नाव लिव, मग हिचं," ती म्हणाली. "पानी हिनं बी पाजलं आन म्या बी पाजलं. हिला ठाव व्हतं, मला न्हवतं, पर ज्याचा बैल गेला त्याला त्याचं काय? त्याचा बी कांदा वाळलाच आसंल की."

"भिवरे, तू गप बस."

"न्हाई बसत. मला लिवता येत न्हाई म्हनून तू गाळशील, हे मला ठाव हाय. लहानपनी बी माज्या चुका तूच आंगावर घेत व्हतास. आता न्हाई चालायचं."

शहादेवानं लेखणी दौतीत बुडवली. बुडवली आणि तशीच धरून बसला. भावाला बहिणीचं नाव लिहायला किती वेळ लागावा? तीन अक्षरं. पण हात हलेना. लेखणीवरची शाई वाळली, त्यानं पुन्हा बुडवली, पुन्हा वाळली. समोर त्याची बहीण एका चोरांच्या बाईचा हात हातात घेऊन बसलेली, दोघींची नाकं लाल. ह्या दोघींना अमीनसाहेबांच्या पुढं उभं करायचं, आणि तो साखरतोंड्या दलाल आणि तो तुटक्या कानाचा मोकळे नदीपल्याड, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की न लिहावं तर अकरा वर्षं पाण्यात. त्याला त्या बाडाची फार माया होती, खोटं कशाला बोला.

शेवटी त्यानं दौतीला बूच लावलं.

"छबुबाई," तो म्हणाला, "ह्यो तुमचा नेम समदे पाळत्यात म्हनला ना?"

"एका त्या मुडद्याला सोडून समदे."

"ज्याच्या घरचं पानी प्यालं त्याच्या घरचं काय बी न्यायचं न्हाई. नाव सुदिक?"

छबुबाईला आधी कळलं नाही. ती भिवराबाईकडं बघायला लागली. मग तिनं बाजेपाशी तसाच भरलेला राहिलेला तांब्या बघितला, आणि तिचा हात कपाळाला गेला.

अकरा वर्षांचा चोरांचा पुराणिक बाजेवर सरळ बसला. त्यानं रुमाल काढून मांडीवर ठेवला, तांब्या दोन्ही हातांनी उचलला, आणि छबुबाईकडं बघत तळ दिसेपर्यंत प्यायला.